पेरूचा जाम आणि कोथिंबिरीची जुडी

माझी उभी हयात साखरेचा दाणा बसवण्यात गेली. सहकारी साखर कारखान्यात मी पॅनमन होतो. उसाच्या रसाचा पाक मोठ्या बंद भांड्यात उकळत असतो, त्याला पॅन म्हणतात. त्यातला थेंब काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरायचा, दोन बोटांत चोळून बघायचा आणि दाणा धरला की नाही ते सांगायचं. या कामाने मला पगार दिला, बारामतीत घर दिलं आणि ‘मला कळतं’ असं म्हणायची सवय दिली. पहिल्या दोन गोष्टी चांगल्या झाल्या, तिसरी मात्र आपल्याला भोवली, असं बायको म्हणायची.

जाम तिनेच घरात आणला. त्याआधी आमच्याकडे गुळांबा व्हायचा, लोणचं व्हायचं. जाम म्हणजे दुकानातली लाल वस्तू, पोरांनी पावाला फासून खायची. लग्नानंतर काही वर्षांनी ती कुठल्याशा महिला मंडळाच्या वर्गाला गेली आणि फळांचे पदार्थ शिकून आली. सरबतं, जेली, काय काय करून बघितलं. टिकला तो पेरूचा जाम. दर हिवाळ्यात इंदापूरकडचे पेरू बाजारात यायला लागले की आमच्या घरी त्याचा बेत ठरायचा, आणि माझी साप्ताहिक सुट्टी बघूनच ठरायचा, कारण ढवळायचं काम माझं होतं.

पेरू चिरून उकडायचे, चाळणीवर घासायचे, बिया वर राहतात आणि गर खाली पडतो. गराच्या बरोबरीने साखर घालायची आणि शिजवायला ठेवायचं. एकदा का ते तापलं की भांड्यातून थेंब उडतात आणि हाताला असे चटके बसतात की विचारू नका. म्हणून ती माझ्या उजव्या हाताला कोपरापर्यंत जुना टॉवेल गुंडाळायची. मी उलथनं घेऊन उभा, ती बाजूला बाटल्या उकळतेय, आणि मुलगी पाटावर बसून पेरूच्या फोडी खातेय. मी सारख्या सूचना करायचो. आच कमी कर, साखर अजून लागेल, बोटाला तार येतेय बघ. ती हो हो म्हणायची.

आणि नेमकं घट्ट व्हायच्या वेळेला तिला कोथिंबीर आठवायची.

“जरा कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणता का?”

“अगं, घरात हाय की.”

“शिळी झालीय ती.”

दरवर्षी हे. मी चिडायचो. जामाचा आणि कोथिंबिरीचा संबंध काय, असं मोठमोठ्याने विचारत टॉवेल सोडायचो, पिशवी घ्यायचो आणि जायचो. जुडी घेऊन परत यावं तर जाम उतरवलेला असायचा, बाटल्यांत भरणं चाललेलं असायचं. मग मी एक चमचा चाटायचो आणि सांगायचो, “कसा आंबटगोड लागलाय बघ. पेरू मी निवडून आणलेले.” मायलेकी एकमेकींकडे बघायच्या. मला वाटायचं, कौतुक वाटतंय.

गेल्या वर्षी ती गेली. आजारपण लांबलं नाही, त्यामुळे मनाची तयारी वगैरे काही झाली नाही. मुलीचं लग्न होऊन ती इंदापूरला नांदायला गेलेली. जावई लोणी देवकरला कंपनीत आहेत. दिवसकार्य उरकून ती परत गेली आणि मी घरात एकटा राहिलो. ती निघतानाच मी गॅसच्या शेगडीवर एक फडकं टाकलं होतं. दोन वेळचा डबा लावला, चहा टपरीवर. लोक म्हणायचे, आप्पा, निदान चहा तरी घरी करत जा. मी म्हणायचो, एकट्यासाठी कुठं भांडं विसळत बसू? खरं सांगायचं तर ते फडकं उचलायची मला हिंमत होत नव्हती.

श्रावणात मुलीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. मी टपरीवरच्या सगळ्यांना चहा पाजला आणि घरी येऊन खूप रडलो, कारण सांगायला घरात कोणी नव्हतं.

आनंद थोडे दिवस टिकला. मग विहीणबाईंचा फोन आला. बाई मोकळ्या मनाच्या आहेत, आडपडदा ठेवत नाहीत.

“पाव्हणं, राग मानू नका. पयलं बाळंतपण माहेरात, ही रीत मलाबी ठावं हाय. पर तितं बाईमाणूस कोण हाय? पोरीला मी हितंच ठिवते. माझ्या लेकीवानी करीन तिचं.”

त्या बोलण्यात खोट काढायला कुठेच जागा नव्हती. म्हणून तर मला जास्त राग आला. मी “बघू” म्हणालो आणि फोन ठेवला. मग दिवसभर घरातल्या भांड्यांवर, पंख्यावर, डब्यातल्या भाजीवर चिडत राहिलो.

मला ती घरी यायला हवी होती. रीत म्हणून नाही. रीत मोडली म्हणून काही आभाळ कोसळत नाही. पण आई गेली आणि तिच्याबरोबर पोरीचं माहेरही गेलं, असं मला होऊ द्यायचं नव्हतं. बाप जिवंत आहे ना? मग घरही आहे. हे कुणाला पटवून कसं द्यायचं ते मात्र समजत नव्हतं. मी डब्यावर जगणारा माणूस, बाळंतिणीला काय घालणार?

पोरीला उलट्यांनी हैराण केलं होतं. भाकरी नको, भात नको, दुधाचा वाससुद्धा नको. मी फोनवर विचारलं, “काय खावंसं वाटतंय तरी?”

ती म्हणाली, “आईचा पेरूचा जाम. चपातीसंगं.”

“दुकानातनं आणून देऊ?”

“नको. दुकानातला नको.”

“मग मी करतो.”

“तुमी?”

“मंग! इतकी वर्षं ढवळायचं कोण? मीच की.”

फोन ठेवल्यावर मी स्वतःशीच म्हणालो, जमलं. हिला हा जाम खाऊ घातला आणि विहीणबाईंनी तो पाहिला, की त्यांना कळेल या घरात चूल पेटते.

पावसाळी पेरू पाणचट असतात. तरी मी मंडई पालथी घालून त्यातल्या त्यात घट्ट, आतून गुलाबी असे वेचून आणले. विकणारी म्हणाली, “आबा, सगळ्यांना दाबू नका, बाकीच्यांनी काय खायाचं?” घरी येऊन ओट्यासमोर उभा राहिलो. फडकं उचललं. खाली शेगडी बायको पुसून ठेवायची तशीच स्वच्छ होती. लायटरने दोनदा नुसतंच टकटक केलं, तिसऱ्या वेळी जाळ धरला. मी त्यावर आधी चहाच केला, आणि ओट्याला टेकून उभ्याउभ्या प्यायलो.

सगळं तिच्यासारखं केलं. टॉवेल एका हाताने दुसऱ्या हाताला गुंडाळायला जमेना, तेव्हा दातात धरून गाठ मारली. गर पाणचट असल्याने आटायला फार वेळ लागत होता. तेवढ्यात कोऱ्हाळ्याहून माझ्या मोठ्या बहिणीचा, आक्काचा फोन आला. काय करतोयस म्हणून विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, “लिंबू पिळ बरं का त्यात.”

मी भडकलो. “आक्का, साखरंत आंबट घालत्यात व्हय? आमी कारखान्यात रसात चुना कशाला घालतो? आंबटपणा मारायला. रस आंबला की दाणा गेला. आंबट म्हंजी साखरंचा वैरी.”

“बरं बाबा, तुला जास्त कळतं,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी जाम दोन बोटांत धरून बघितला. तार आली होती. रंग असा सुरेख आला होता की बायको असती तर तिला हाक मारून दाखवला असता. उकळलेल्या बाटल्यांपैकी पहिली मी गार ओट्यावर तशीच ठेवली आणि ती तडकली. उरलेल्या मात्र फडक्यावर ठेवून धड भरल्या. झाकणं घट्ट लावली. ही झाकणं निवताना आत ओढली जातात आणि टक् असा आवाज करतात. हा आवाज आला की बाटली नीट बंद झाली, असं ती म्हणायची आणि एकेका टक्कला मान डोलवायची. मी खुर्ची घेऊन तिथेच बसलो. एक टक् वाजलं, मग दुसरं. बऱ्याच दिवसांनी त्या स्वयंपाकघरात काही घडत होतं.

गौरी-गणपती उरकल्यावर इंदापूरला गेलो. एसटीत बाटल्यांची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरत होतो, ते बघून शेजारचा म्हणाला, “काय, अंडी हायत का?” मी म्हणालो, “जाम हाय. घरचा.” हे सांगताना माझी छाती जरा फुगली होती, ते खोटं कशाला बोलू.

मुलीकडे पाहिलं. गालफडं बसली होती. विहीणबाईंनी पाणी दिलं, चहा दिला, ताज्या चपात्या केल्या. मी कोचावर बसून, काही विशेष नाही असा चेहरा करून बाटली काढली आणि झाकण फिरवलं. मुलीने चमचा घातला. चमचा आत जाईना.

मी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली. पार तळापर्यंत दाणा बसला होता. आणि काय दाणा! एकसारखा, लखलखीत. कारखान्यात असा दाणा बसला असता तर मी मिशीला पीळ दिला असता. पण हा जाम होता. दुसरी बाटली उघडली, तीत तेच. नुसता पेरूच्या वासाचा साखरेचा खडा.

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू आवरेना. “पाव्हणं, कारखाना सुटला तरी सवय सुटंना व्हय तुमची!”

त्या सहज बोलल्या, त्यात टोमणा नव्हता. तरी मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. ज्या बाटलीच्या भरवशावर मी पोरीला घरी न्यायला निघालो होतो, ती बाटलीच सांगत होती की या माणसाला एक जाम धड जमत नाही. मी ती परत पिशवीत घालायला लागलो.

मुलीने माझ्या हातातून ती काढून घेतली. चमच्याने खरवडून तो खडा चपातीवर पसरला, सुरळी केली आणि खायला लागली. कर्रकर्र आवाज येत होता. आम्ही दोघं बघत बसलो. तिने ती चपाती संपवली, दुसरी अर्धी घेतली आणि मग विचारलं, “आप्पा, लिंबू न्हाय पिळलं?”

“लिंबू कशाला?”

ती एकदम अशी हसायला लागली की तिला ठसकाच लागला.

“आप्पा, आई लिंबू पिळायची! दर वर्षी. तुमी कोथिंबीर आणायला गेला, की मी लिंबू द्यायची आन ती पिळायची. मला सांगायची, आप्पांना कळू द्यायचं न्हाय, न्हायतर पुना चुन्याचं पुराण लावतील.”

हे मला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. आंबटाने दाणा मरतो, हे मीच जन्मभर सगळ्यांना सांगत आलो. आणि जामात दाणा मरायलाच हवा असतो. इतकी वर्षं मी कोपऱ्यावर जाऊन जुडी निवडत होतो, तेवढ्यात ती माझ्या साखरेत लिंबू पिळून मोकळी होत होती. आणि वर माझ्याकडून आंबटगोड चवीचं कौतुक ऐकून घेत होती. माझ्याशी वाद घालायचा नाही, मला खोटं पाडायचं नाही, आणि जाम मात्र चांगला करायचा, यासाठी तिने किती जुड्या घरात साठवल्या असतील! मला हसू आलं. तिची इतकी आठवण आली की हसताहसता मी विहीणबाईंच्या देखत रडायला लागलो. विहीणबाई उठून आत गेल्या आणि विनाकारण भांडी वाजवत राहिल्या.

मुलीने विचारलं, “आप्पा, हा आपल्या शेगडीवर केला?”

“मग कुठं करणार?”

“त्ये फडकं काढलं?”

“काढलं. चा बी आता घरातच करतो.”

ती बराच वेळ ताटातल्या कणांवरून बोट फिरवत राहिली. मग आत बघून जरा मोठ्याने म्हणाली, “आत्या, सातव्यात मी बारामतीला जाऊ का?” सासूला ती आत्या म्हणते.

विहीणबाई दारात आल्या. मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, “आप्पा, आत्यांनी तुमाला फोन केला खरा, पर हितं ऱ्हायचं मीच म्हणले होते. आई गेल्यावर मी निघाले, तवा तुमी शेगडी झाकून ठिवलेली. मला वाटलं, मी आले तरी ती झाकलेलीच असंल. तसल्या घरात मला ऱ्हावलं नसतं.”

म्हणजे पोरीलाच यायचं नव्हतं हे मला कळू नये, म्हणून विहीणबाईंनी वाईटपणा स्वतःवर घेतला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “आता माझ्याकडं काय बघताय? किती दिसांनी पोरीच्या पोटात अख्खी चपाती गेली. जाऊ द्या तिला. पर तुमच्या बहिणीला आधी आणून बसवायचं, न्हाऊमाखूचं तुमाला जमायचं न्हाय. आन ह्या बाटल्या हितंच ऱ्हाऊ द्या, चहाला घालीन.”

परतीच्या एसटीत मांडीवर रिकामी पिशवी होती. मी ती तशीच दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, हे उतरताना लक्षात आलं.

थंडी पडली, तिकडे डोहाळजेवण झालं आणि जावई तिला बारामतीला सोडून गेले. आक्का कोऱ्हाळ्याहून जुन्या मऊ लुगड्यांचं गाठोडं घेऊन आधीच आली होती आणि उन्हात बसून दुपटी शिवत होती. डबा मी केव्हाच बंद केला होता. माझ्या चपात्यांचे आकार बघून आक्काने हात जोडले, पण खाल्ल्या.

हिवाळी पेरू आले तसा मुलीने जामाचा बेत ठरवला. या वेळी मी शहाणा झालो होतो. बाजारातून पेरूंबरोबर लिंबंही आणली आणि एक कापून, सगळ्यांना दिसेल असं, ओट्यावर मधोमध ठेवलं. माझ्या हाताने पिळायचं, असं मी ठरवलं होतं. मुलीने माझ्या हाताला टॉवेल गुंडाळला, गाठ मारली. पोट सांभाळत ती बाटल्या उकळत होती. मी ढवळत होतो आणि आच कमी कर, साखर अजून लागेल, हे चालूच होतं. ती हो हो म्हणत होती.

जाम घट्ट व्हायला लागला. थेंब उडायला लागले. मी लिंबासाठी डावा हात पुढे केला, तर लिंबू तिथे नव्हतं. मुलगी माझ्याकडे पाठ करून उभी होती. मान न वळवता म्हणाली,

“आप्पा, जरा कोपऱ्यावरनं कोथिंबीर आणता का?”

“अगं, घरात हा...” एवढंच तोंडातून आलं.

“शिळी झालीय ती,” ती म्हणाली.

मी उलथनं तिच्या हातात दिलं. टॉवेल सोडला. जामाचा आणि कोथिंबिरीचा संबंध काय, असं मोठ्याने विचारत पिशवी घेतली आणि बाहेर पडलो. दारात दुपटं शिवत बसलेल्या आक्काने काय झालं म्हणून विचारलं, तिलाही तेच ओरडून सांगितलं. बायको गेल्यापासून मी या घरातून हवं तेव्हा बाहेर पडत होतो आणि हवं तेव्हा परत येत होतो. जा म्हणणारं कुणी नव्हतं. आज मला बाहेर पिटाळणारं माणूस आत होतं. कोपऱ्यावर मी एक चांगली जुडी निवडून घेतली आणि तिथेच थोडा वेळ उभा राहिलो. लिंबू पिळून व्हायचं होतं.